बूट काढले की धक्का कुठे जातो? अनवाणी धावण्याची गोव्यातली रीत

एका जानेवारीत मी मिरामारला बूट हातात घेतले आणि करंझाळेच्या दिशेने अनवाणी पळत सुटलो. बुटांतून दहा-बारा किलोमीटर सहज व्हायचे, तेव्हा चार किलोमीटर म्हणजे किस झाड की पत्ती. धावताना फार मजा आली. पाय हलके, वाळू गार, श्वासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्याच्या घरी जिना उतरायला गेलो तर पोटऱ्यांचे दगड झालेले. कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरलो. आई खालून बघत होती. म्हणाली, "मंगेशीला अख्खा दिवस अनवाणी फिरतोस, तेव्हा नाही रे असं होत."

तिच्या बोलण्यात एक अख्खा प्रश्न होता, पण तो मला पुढे दीड महिन्याने कळला. कारण पोटऱ्या सुटल्यासुटल्या मी हट्टाने पुन्हा धावलो, आणि तिसऱ्या आठवड्यात उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, एका ठिकाणी बोट दाबलं की कळ यायला लागली. हाडावर ताण आला होता. सहा आठवडे धावणं बंद.

अनवाणी धावणं चांगलं की बुटांतलं, या वादात मला आता रस उरलेला नाही. धावताना शरीराला बसणारा भार कुठेतरी उचलावाच लागतो. बूट काढले म्हणून तो नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो: गुडघ्याकडचा काही भार घोटा, पोटरी आणि पावलाच्या हाडांकडे येतो. ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलेलं नाही त्यांच्यावर ते एका सकाळी लादलं की काय होतं, ते वर सांगितलं. पुढचा सगळा लेख हा भार हळूहळू कसा सरकवायचा त्याबद्दल आहे. पण आधी तो सरकतो कसा, ते समजून घेऊ. घाई असेल तर थेट पायऱ्यांकडे जा, पण मग कुठे दुखलं तर का दुखलं ते कळणार नाही.

पाऊल पडतं तेव्हा

जाड टाचेचे बूट घालून धावणाऱ्या बहुतेकांची टाच आधी टेकते. २००४ साली जपानमधल्या एका अर्धमॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरच्या खुणेपाशी कॅमेरे लावून पावलं मोजली, तर सुमारे ७५ टक्के धावपटू टाचेवर उतरत होते. आता तुम्ही घरातल्या फरशीवर अनवाणी उभे राहा आणि बुटांत धावता तशी टाच आधी आपटून चार पावलं पळून बघा. पाचवं पाऊल टाकावंसं वाटणार नाही. तो झणका थेट डोक्यापर्यंत जातो.

हा झणका मोजता येतो. टाच टेकल्यावर पहिल्या ५० मिलिसेकंदांच्या आतच जमिनीच्या प्रतिक्रियेच्या आलेखात एक टोकदार सुळका दिसतो. अनवाणी टाचेवर उतरलं तर तो शरीराच्या वजनाच्या दीड ते तीन पट असू शकतो. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या अभ्यासात हा हिशेब मांडला. टाचेवर उतरताना पाऊल आणि पोटरीचा भाग मिळून एक घट्ट दांडा होतो, आणि शरीराच्या वजनाचा साधारण ६.८ टक्के भाग त्या क्षणी एकदम थांबतो. चवड्यावर उतरलं तर हा भाग सुमारे १.७ टक्के असतो. ७० किलोच्या माणसासाठी हिशेब करा: एकीकडे पावणेपाच किलो वस्तू जमिनीवर आदळते, दुसरीकडे सव्वा किलोच्या आत.

फरक का पडतो? झाडावरून कोणी आंबा खाली टाकला तर आपण हात ताठ ठेवत नाही. तो तळव्याला लागताक्षणी हात खाली नेतो, म्हणून आंबाही फुटत नाही आणि हातही झणझणत नाही. चवडा आधी टेकला की टाच लगेच खाली येते, घोटा वाकतो आणि पोटरी ताणली जाता जाता ब्रेक लावते. खाली येणाऱ्या वेगाचं वळणात रूपांतर होतं. टाच आधी टेकली तर वाकायला तिथे काही नसतंच.

या ब्रेक लावण्यातच अनवाणी धावण्याची किंमत आहे. पोटरी आणि टाचेमागची दोरीसारखी कंडरा, डॉक्टर जिला अकिलीस म्हणतात, ती प्रत्येक पावलाला ताणली जाऊन पुन्हा आखडते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. ती ओढ वाया जात नाही. ही कंडरा आणि पावलाची कमान दोन्ही स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवून परत देतात. १९८७ च्या एका नावाजलेल्या अभ्यासाप्रमाणे एका पावलात गुंतलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ३५ टक्के अकिलीसमध्ये आणि १७ टक्के कमानीत साठते. म्हणजे पावलाची २६ हाडं आणि त्यांना बांधणाऱ्या दोऱ्या हे धावण्याचं चालतं यंत्र आहे.

मंगेशीच्या फरसबंदीचं कोडं इथे सुटतं. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, वजन सावकाश सरकतं आणि टाच आधी टेकली तरी धक्का किरकोळ असतो. धावताना दोन्ही पाय हवेत जातात आणि खाली येताना सगळं वजन एका पायावर उतरतं. देवळात अनवाणी फिरून तळव्याची कातडी टणक होते. पोटरीला धावायचा सराव त्याने होत नाही.

बुटाचा मऊ थर पहिला सुळका बोथट करतो हे खरं. पण त्यात एक गंमत आहे. पाय स्वतःची ताठरता जमिनीप्रमाणे बदलतो: जमीन कडक असेल तर तो मऊ होतो, मऊ असेल तर ताठ होतो. म्हणून खूप मऊ बूट घातले की भार तितकाच कमी होतो असं नाही. शरीर बुटाचा हिशेब करून पाय जास्त ताठ टाकतं.

अनवाणी म्हणजे चवड्यावरच, असं नाही

लिबरमन यांच्या अभ्यासातले केनियाचे कालेंजिन धावपटू बहुतेक वेळा चवड्यावर किंवा पूर्ण तळव्यावर उतरत होते. त्यावरून जगभर एक मत तयार झालं की माणूस मुळात चवड्यावरच धावतो. मग २०१३ मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच लोकांवरचा अभ्यास आला. हे लोकही जन्मभर अनवाणी, पण आपल्या सवयीच्या वेगात धावताना त्यांच्यातले ७२ टक्के टाचेवर उतरत होते. वेग वाढला की टाचेवर उतरण्याचं प्रमाण कमी झालं. वेग, जमीन, सराव, सगळ्याचा वाटा असतो. त्यामुळे टाच टेकली म्हणून कोणी तुम्हाला पापी ठरवलं तर मनावर घेऊ नका.

फायद्याबद्दलही हात राखून बोलावं लागेल. बुटाचं वजन पायाला जड पडतं: दर १०० ग्रॅममागे साधारण १ टक्का जास्त प्राणवायू खर्च होतो. पण हलक्या बुटांशी तुलना केली तर अनवाणी धावणं काही स्वस्त पडत नाही, कारण बुटाचा मऊ थर जे काम करतो ते स्नायूंना करावं लागतं. दुखापतींचंही तसंच. अमेरिकेत २०१ धावपटूंची वर्षभर नोंद ठेवली गेली, त्यात निम्म्याहून थोडे जास्त अनवाणी. अनवाणी धावणाऱ्यांच्या दुखापती मोजणीत कमी भरल्या, पण ते धावलेही कमी होते. अंतराच्या मापाने बघितलं तर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. दुखण्याची जागा मात्र वेगळी: अनवाणी गटात पोटऱ्या जास्त, गुडघे कमी.

अबेबे बिकिला यांनी १९६० मध्ये रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हे सगळे सांगतात. १९६४ मध्ये टोकियोला त्यांनी तीच शर्यत बूट घालून, आणखी कमी वेळात जिंकली, हे सांगताना बरेच जण विसरतात. आपल्याकडे मिलिंद सोमण यांच्यामुळे अनवाणी धावणं घरोघर पोचलं आणि बारामतीच्या लता करे यांची नऊवारीतली अनवाणी शर्यत तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दोघांकडून घ्यायची ती हिंमत घ्या, अंतर घेऊ नका. त्यांच्या पायांमागे किती वर्षं आहेत ते आपल्याला दिसत नाही.

ज्यांनी थांबावं

मधुमेह असेल आणि तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी धावू नका. काच लागल्याचं कळणारच नाही, मग जखम चिघळते. पायाच्या हाडाला पूर्वी ताणाची चीर गेलेली असेल, अकिलीस सध्या दुखत असेल, सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल, तर आधी ते बरं करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि सगळ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. दहा वर्षं उलटली असतील तर आधी तेवढं उरका.

पायरी १: स्वतःचं धावणं बघा

मित्राला मोबाईल घेऊन बाजूला उभं करा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, स्लो मोशनवर. बुटांत, नेहमीच्या वेगात, सहा-सात वेळा समोरून जा. घरी येऊन दोनच गोष्टी बघा. एक, पाऊल टेकतं तेव्हा ते गुडघ्याच्या खाली आहे की गुडघ्याच्या बरंच पुढे. दोन, टेकताना गुडघा वाकलेला आहे की जवळजवळ सरळ. पाऊल फार पुढे आणि गुडघा सरळ असेल तर तुम्ही प्रत्येक पावलाला स्वतःलाच ब्रेक लावताय. बूट असोत नसोत, सुधारायचं ते हे.

मग पावलं मोजा. ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजून ४ ने गुणा. ३९ आले तर मिनिटाला १५६ पावलं. यात ५ ते १० टक्के वाढ केली, म्हणजे १६५ ते १७० च्या आसपास आणलं, तर पाऊल आपोआप आखूड पडतं आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. यावर चांगला अभ्यास झालेला आहे. गुडघेदुखीमुळे अनवाणी धावण्याकडे वळू पाहणाऱ्यांना मी आधी महिनाभर बुटांतच हे करायला सांगतो. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं, बूट काढावे लागत नाहीत.

मिनिटाला १८० पावलं हवीतच, असं बरेच जण सांगतात. तो आकडा पवित्र मानू नका. उंच माणसाला, सावकाश धावणाऱ्याला तो जमेलच असं नाही.

पायरी २: चाला

पहिले तीन आठवडे फक्त चाला. घरात कायम अनवाणी, आणि रोज २० ते ३० मिनिटं बाहेर. अंगण, कौलारू घराचा सोपा, देवळाचं आवार, चिऱ्यांचं कुंपण असलेल्या वाडीतली पायवाट. भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेताच्या मेरेवरून चालणं तर सर्वांत उत्तम, कारण प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं आणि बोटं स्वतःहून कामाला लागतात.

तळव्याला घट्टे पडतील. ते फाइलने घासून काढू नका. जाड कातडीने संवेदना कमी होते असा समज आहे, पण २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात केनिया आणि अमेरिकेतल्या लोकांचे तळवे तपासले, तर घट्टे जाड झाले तरी तळव्याची जाणीव तशीच राहिल्याचं दिसलं. मऊ बुटाचं असं नसतं. जमिनीची बातमी पायापर्यंत पोचताना तो अर्धी गाळून टाकतो.

लहान मुलं घरात असतील तर त्यांनाही सोबत घ्या. गोव्यापासून फार लांब नाही अशा मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांचे पाय तपासून १९९२ मध्ये लिहिलं होतं: चपला-बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बंद बुटांत हे जास्त, उघड्या चपलांत कमी.

पायरी ३: पोटरी आणि बोटं तयार करा

इथे कंजुषी केली की पुढे सगळं अडतं. माझं अडलं ते इथेच.

जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहा. टाचा वर उचला, मग तीन मोजत सावकाश खाली सोडा, पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. सावकाश खाली येणं महत्त्वाचं आहे, कारण धावताना पोटरी ताणली जात असतानाच काम करते. १५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. अर्ध्या वेळा गुडघा सरळ ठेवून आणि अर्ध्या वेळा थोडा वाकवून करा. गुडघा वाकला की पोटरीतला खोलवरचा स्नायू जास्त राबतो, आणि धावताना गुडघा वाकलेलाच असतो. दोन्ही पायांवर सोपं झालं की एका पायावर या. एका पायावर न थांबता २० ते २५ वेळा जमेपर्यंत धावायला सुरुवात करू नका.

बोटांसाठी: पाऊल जमिनीवर टेकवून फक्त अंगठा उचला, बाकीची चार खाली. मग उलटं. पहिल्या दिवशी पाय तुमचं ऐकणारच नाही, मेंदूला तारच सापडत नाही. आठवड्यात ऐकतो. दुसरा व्यायाम, बोटं न आखडता पावलाची कमान उचलून पाऊल आखूड करायचं, पाच सेकंद धरायचं. हे टीव्ही बघताना, ऑफिसात टेबलाखाली, कुठेही होतं.

मग दोरीच्या उड्या. मला सगळ्यांत आवडणारा भाग. अनवाणी दोरी मारताना कोणीही टाचेवर उतरत नाही, शिकवावं लागत नाही. आधी एक मिनिट, मग वाढवत तीन मिनिटांपर्यंत. जमीन सपाट असू द्या. अनवाणी धावण्याची चाल शिकवणारा याहून चांगला मास्तर मला भेटलेला नाही.

पायरी ४: जागा निवडा, आणि पंचांग बघा

सगळ्यांना वाटतं, मऊ वाळू म्हणजे सुरक्षित. मलाही वाटलं होतं. कोलव्याला एकदा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला वरच्या कोरड्या वाळूत धडपडताना पाहून सांगितलं, "हांगा रेंव मोव. थंय उदकालागीं धांव." म्हणजे इथे वाळू मऊ आहे, तिथे पाण्याजवळ धाव. बरोबर होतं त्याचं. मऊ वाळूत टाच खोल रुतते, घोटा नको तितका वाकतो आणि अकिलीस जास्त ताणली जाते. कडक जमिनीच्या मानाने वाळूत धावायला सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, हेही मोजलेलं आहे. ताकद वाढवायला मऊ वाळू ठीक, अनवाणी धावणं शिकायला नाही.

हवी ती पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू, जिथे पावलाचा ठसा जेमतेम उमटतो. ती मिळते ओहोटीला. कोकणपट्टीवर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, पाऊणपट केली की सव्वाअकरा. म्हणजे भरती अकराच्या पुढे आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, पहाटे पाच-साडेपाचला. धावणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. शिवाय उधाणाच्या दिवसांत पाणी लांब मागे जातं आणि पट्टा रुंद मिळतो. अष्टमीला मात्र सकाळी सहाला पूर्ण भरती असते. त्या दिवशी किनारा सोडा आणि बांबोळीच्या ट्रॅकवर किंवा घराजवळच्या मैदानावर जा. ओहोटीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते एवढं लक्षात ठेवलं की पंचांगाशिवायही भागतं.

किनाऱ्याला समुद्राकडे उतार असतो. एकाच दिशेने धावत राहिलात तर समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि कंबर तिरकी होते. जितकं जाल तितकंच त्याच पट्ट्याने परत या. परतताना उतार दुसऱ्या पायाला येतो, हिशेब फिटतो. उतार जास्त असलेल्या ठिकाणी धावूच नका. मोठ्या उताराचा किनारा बघायला सुंदर असतो, तेवढंच.

गुळगुळीत सिमेंट किंवा डांबर शिकायला खरं तर सर्वांत प्रामाणिक, कारण चूक केली की लगेच कळतं. पण मे महिन्यात सकाळी नऊनंतर डांबरावर अनवाणी उतरू नका, तळव्याला फोड येतात. जांभ्याची खडी टाळा.

किनाऱ्यावर खाली बघत धावा. रापण ओढून झाली की नको असलेली मासळी वाळूतच पडलेली असते, आणि त्यात शिंगाळा असतो, आपण ज्याला सांगट म्हणतो. त्याचा काटा मेल्यावरही तितकाच विषारी. रुतला तर काढून, सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टरकडे जा. शनिवार-रविवारच्या रात्रीनंतर उत्तर गोव्याच्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर फुटक्या बाटल्या असतात, तिथे सोमवारी सकाळी धावू नये. पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे काळे गोळे किनाऱ्यावर येतात. तळव्याला चिकटले तर खरवडू नका, खोबरेल तेल चोळा, निघून जातात. आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात त्या महिन्यांत अंधारात टॉर्च घेऊन किनाऱ्यावर जाऊ नका.

जून ते सप्टेंबर सुट्टी. चिऱ्यांवर शेवाळ, शेतात साचलेलं पाणी, लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती. तळव्याला बारीक चीर असताना त्या पाण्यात पाय घालायचा नाही. आषाढात माशेलला चिखलकाल्यात, चिखलात खेळायच्या उत्सवात, जाऊन आलात तर आलात, पण पाय स्वच्छ धुवा.

पायरी ५: मीटरांचा हिशेब

चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. प्रत्येक वेळी फक्त ३०० मीटर. हो, तीनशे. हसू येईल, मलाही आलं असतं. पुढचे आठवडे ५०० आणि ७००. सातव्या आठवड्यात पुन्हा ३०० वर या. मग ९००, १२००, १५००. अकराव्यात निम्मं. बाराव्यात २ किलोमीटर.

मधले उतरते आठवडे गाळू नका. स्नायू दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतात, कंडरा आणि हाडं महिने घेतात. हाड आधी थोडं झिजतं, मग नवं भरतं, आणि मधल्या काळात ते नाजूक असतं. नेमकं तेव्हाच पोटऱ्या दुखायच्या थांबलेल्या असतात आणि आपल्याला वाटतं, जमलं. २०१३ च्या एका अभ्यासात पाच बोटांच्या पातळ बुटांकडे दहा आठवड्यांत वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. तेही अनुभवी धावपटू होते.

अनवाणी अंतर सुरुवातीलाच धावा, पाय ताजे असताना, आणि मग बूट घालून उरलेलं. काही जण शेवटी करायला सांगतात. मला पटत नाही, कारण दमलेली पोटरी ब्रेक लावत नाही. त्या दिवशी बुटांतलं अंतरही पाव हिश्शाने कमी करा.

पायरी ६: चाल

सर्वांत मोठी चूक म्हणजे बॅलेरिनासारखं बोटांवर धावणं. टाच उचलूनच ठेवली तर पोटरीला क्षणाचीही उसंत मिळत नाही. पहिल्या दिवशी मी असाच धावलो होतो. चवड्याची बाहेरची कड आधी, लगेच सगळा चवडा, आणि मग टाच हलकेच जमिनीला लागून उठते. प्रत्येक पावलाला लागलीच पाहिजे.

पाय मागे ढकलू नका, उचला. ढकलण्यात तळवा घासतो आणि चवड्यावर फोड येतात. फोड कुठे आला ते बघून चूक कळते: अंगठ्याच्या टोकाला आला तर तुम्ही बोटांनी जमीन पकडताय, चवड्याच्या मध्यावर आला तर घासताय.

कान द्या. चांगलं पाऊल आवाज करत नाही. मागून येणाऱ्या कुत्र्याला पत्ता लागला नाही तर तुमची चाल जमली.

दुखलं तर

तळव्याला चुरचुर: चालतं, एक-दोन दिवसांत जाते. पोटरीत दोन्ही बाजूंनी सारखं, पसरलेलं, दाबलं की बरं वाटणारं दुखणं: सराव होतोय, पण ते जाईपर्यंत पुढचा धावण्याचा दिवस टाळा. पोटरीत एकदम चटका बसला, कोणी मागून दगड मारल्यासारखं वाटलं: जागेवर थांबा, लंगडत घरी जा, धावत नाही.

सकाळी उठल्यावर टाचेमागे ताठरता आणि चिमटीत धरलं की दुखणं: अकिलीसचं. अंतर निम्म्यावर आणा, पायरीवरचे व्यायाम चालू ठेवा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

पावलाच्या वरच्या बाजूला, हाडावर, एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दाबल्यावर कळ: त्याच दिवशी थांबा. एका पायावर उडी मारून बघितली आणि तिथेच दुखलं, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. साध्या एक्स-रेमध्ये पहिले दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे ठीक आहे' एवढ्यावर पुन्हा धावायला लागू नका. मी लागलो होतो.

बुटांचं काय करायचं

फेकू नका. माझे आठवड्यातले दोन तृतीयांश किलोमीटर आजही बुटांतच जातात. लांब अंतर, रस्त्यावरची शर्यत, अंधार, पाऊस, ओळखीचा नसलेला रस्ता, यासाठी बूट हवेतच.

नवे घेताना टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक विचारा. नेहमीच्या बुटांत तो १० ते १२ मिलिमीटर असतो. एकदम शून्यावर उडी घेऊ नका, आधी ६ ते ८ चे वापरा, वर्षभराने ४ चे. बोटांसाठी जागा रुंद हवी: बुटातला सुटा तळ बाहेर काढून त्यावर अनवाणी उभे राहा, करंगळी बाहेर येत असेल तर तो बूट तुमचा नाही. दुकानदार हे करू देत नाही, तरी करा. पातळ तळाचा बूट म्हणजे अनवाणी नव्हे, हेही विसरू नका. त्यात भार अनवाणीसारखाच घोट्याकडे जातो, पण तळवा ओरडून थांबवत नाही, आणि म्हणून माणूस जास्त धावतो.

धावून आल्यावर पाय साबणाने धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात तळवा बघा. आमच्याकडे हे काम आई करते. चष्मा लावून, सुई मेणबत्तीवर धरून. शिंपल्याचा कण निघाला की ताटलीत ठेवते, आणि मला मोजून दाखवते.